बारमाही कोठीतले उडीद

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. नोकरीत असताना जन्मभर पाठाचं टाचण लिहिलं, मनातलं राहून गेलं.

आज मेडशीत आपली 'बारमाही अन्नकोठी' उघडली. एसटी थांब्याजवळची बबनरावांची रिकामी खोली. पूर्वी ते तिथे खताची पोती ठेवत. वास अजून आहे, पण उदबत्ती लावली. कल्पना सोपी: ज्याच्याकडे जास्त त्याने आणून ठेवावं, ज्याला लागेल त्याने कुणाला न विचारता न्यावं. आणि दिवाळीपुरतं नाही, बारा महिने! गावाला दानाची आठवण सणाला येते, पोटाला भुकेची रोज येते. (हे भिंतीवर रंगवून घ्यावं.)

दारावर माझ्याच दोन ओळी लावल्या:
'कणसातल्या दाण्या, तुझं घर कुठे?
चूल जिथे विझली, तिथे वाट फुटे.'
मोठ्याने म्हणून पाहिल्या. चौथीचा वर्ग आठवला. सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायची, वरचे पत्रे थरथरायचे. तांड्यावरचा सेवादास निम्मे शब्द चुकवायचा, पण आवाज त्याचाच सगळ्यांत मोठा. गेले ते दिवस.

८ नोव्हेंबर, शनिवार.
प्रतिसाद प्रचंड. सगळं सोयाबीन.
बबनरावांना म्हटलं, अहो, सोयाबीन कोण शिजवून खातं? म्हणाले, "गुर्जी, आमच्या वावरात जे पिकते तेच देईन ना. केसर कुठून आनू?" बबनराव माझे बालमित्र. चांगला माणूस, पण काव्याचं अंग नाही.

१४ नोव्हेंबर. दुपारी.
तांड्यावरून ऊसतोडीचा ट्रक गेला. सेवादास आणि त्याची बायको वर बसलेले. त्याने हात केला, ओरडला, "गुरुजी, मायकडे ध्यान ठेवजा!" त्याची आई गोजराबाई आणि मुलगी संस्कृती मागे राहिल्या. उन्हाळ्यापर्यंत दोघीच. मी हात उंचावून म्हटलं, काळजी नको, कोठी आहे. डोळे भरून आले. कोठीत सोयाबीन आहे, हे ट्रक गेल्यावर आठवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी.
युरेका! मारुतीच्या देवळात गेलो होतो (सहज). लोक शनीला काळे उडीद आणि तेल वाहत होते. उडीद कबुतरांना, तेल नालीत. मनात आलं, दानाची सवय बाहेरून आणायची गरजच नाही. ती दर शनिवारी इथे रांगेत उभी असते. फक्त तिची दिशा बदलायची!
लगेच बोर्ड लिहिला: 'शनीचं, अमावस्येचं, ग्रहणाचं दान येथे स्वीकारले जाईल. बारा महिने.'
पहिलं दान स्वतः केलं. पांढऱ्या पिशवीत काळे उडीद आणि वाटीभर तेल. जोशीबुवांनी मला साडेसाती सांगितली आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. मी शिक्षक माणूस. शनी हा वायूचा गोळा आहे हे मी तीस वर्षं शिकवलं. तेल ओतण्याआधी वाटीत वाकून पाहिलं ते तेल शुद्ध आहे का म्हणून. चेहरा दिसला, त्याला इलाज नाही. पिशवी डोक्यावरून ओवाळली नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवताना ती डोक्यावरून गेली.

६ डिसेंबर, शनिवार.
कोठी तुडुंब. उडीदच उडीद. दार लावायला जागा नाही. प्रत्येक दात्याला माझ्या ओळी म्हणून दाखवतो. काही जण ऐकायच्या आतच मागे न बघता निघून जातात. विनय असावा.

१३ डिसेंबर, शनिवार.
न्यायला अजून कुणी आलं नाही. याचा एकच अर्थ: गावात कुणी उपाशी नाही.
हे घरी सांगितलं. उज्ज्वला (सूनबाई) भाकरी थापता थापता म्हणाली, "मामाजी, दुसऱ्याची साडेसाती कोन घरी नेईन? लोकं तं त्या खोलीवरून लेकराइले पन जाऊ नाई देऊन राह्यले." अंधश्रद्धा! पदवीधर सून आणि ही भाषा. तिला म्हटलं, उद्या त्याच उडदाचे वडे कर, मी भर बाजारात खाऊन दाखवतो. ती म्हणाली, "माह्या सयपाकघरात ते येनार नाई." प्रयोग तिच्यामुळे राहिला. शिवाय मला उडीद बाधतात.

१८ डिसेंबर. सकाळी.
लोक येत नाहीत तर कोठीने जावं. तांड्यावर गेलो. गोजराबाई कापूस वेचून आली होती. म्हणाली, रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, रेघाच गेल्या. सेवादास आल्यावर मिळेल म्हणतात. दारात एक बोकड बांधलेलं. "हा पावसाळ्याचा आधार," म्हणाली. "आखाडात इकतो. मंग पोरगी अन मी दोन महिने खातो."
मी पिशवी दिली. वरच्या फळीवरची. तीच हाताला आली, आणि तिच्यातल्याच उडदाला सोंडकिडे लागायची भीती जास्त होती.
तिने विचारलं, "कायचं आलं हे गुरुजी?"
म्हटलं, माय, शाळेकडून.
हे खोटं म्हणता येणार नाही. मी शाळेतलाच ना.

५ जानेवारी, सोमवार.
तब्येत उत्तम. गुडघा महिनाभर दुखलाच नाही. अडकलेला पेन्शनचा फरक अचानक जमा झाला. थंडी सुंदर पडली आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांना पुठ्ठे घातले.

९ जानेवारी. संध्याकाळी.
गोजराबाई हापशीवर घसरून पडली. उजवा हात मोडला. मालेगावला, तालुक्याच्या दवाखान्यात, प्लास्टर घालून आली. आता कापूस वेचणं बंद.
हापशीजवळ शेवाळ आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. कुणीही घसरेल. दुसरं कारण असण्याचा प्रश्नच नाही. दोनदा जाऊन पाहिलं.

१२ जानेवारी, सोमवार.
घोटाळा. मालेगावच्या जीपमध्ये बायांनी तिला शनीच्या खोलीबद्दल सांगितलं. ती थेट कोठीवर आली, गळ्यात हात बांधलेला. दाराबाहेरूनच म्हणाली, "गुरुजी, माय म्हनता न तुमी मले? मंग खरं सांगा. शाळेचे व्हते का इथले व्हते?"
मी म्हटलं, अन्नाला धर्म नसतो, जात नसते, ग्रह नसतो.
म्हणाली, "इथले व्हते म्हना ना मंग. कोनाचे व्हते? नाव सांगा. त्याचं त्याले वापस करतो, म्हंजे सुटलो."
नाव ओठापर्यंत आलं. पण संस्कृती शेजारी उभी होती, मुलांसमोर शिक्षकाची प्रतिमा महत्त्वाची असते. म्हणालो, कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं मिळून होतं.
तिने कपाळाला हात लावला. "अरे माह्या देवा! म्हंजे साऱ्या गावाचा शनी माह्या एकटीच्याच घरी?"
धीर द्यायला गेलो आणि हे झालं.

१३ जानेवारी.
रात्रभर झोप नाही. संकल्प: उद्या तांड्यावर जाऊन स्पष्ट सांगणे.

१४ जानेवारी. संक्रांत.
सणाच्या दिवशी असं बोलू नये. तिळगूळ घ्या आणि गोड बोला, ही आपली संस्कृती.

२४ जानेवारी, शनिवार.
उज्ज्वला सांगत होती, संस्कृती शाळेतल्या खिचडीतली अर्धी डब्यात घालून घरी नेते. मी जेवत होतो. ताट तसंच सरकवलं. उज्ज्वलाने गव्हाच्या पिठाचा डबा भरून तांड्यावर पाठवला. गोजराबाईने तसाच परत केला. निरोप: "गुरुजीच्या घरचं आता काईच नोको. रागावून नाई. भेव वाटते."
उज्ज्वला माझ्याकडे बघून म्हणाली, "मामाजी, आपली पांढरी पिशवी दिसून नाई राह्यली बरेच दिवसाची." मी पेपर वाचत राहिलो. पेपर कालचा होता.

७ फेब्रुवारी, शनिवार.
कबुलीजबाब लिहायला घेतला आहे. गद्यात की पद्यात? गद्य रुक्ष वाटतं. 'हे माउली, तुझ्या हातीचा' इथपर्यंत आलं. पुढे 'हापशी'ला यमक मिळत नाही.

१९ फेब्रुवारी.
बातमी: गोजराबाई बोकड विकायचं म्हणते आहे. शनी उतरवायला, हातात दुसरा पैसा नाही म्हणून. आखाडाचा आधार आता फाल्गुनातच जाणार. हे थांबवलंच पाहिजे, आणि थांबवू शकणारा जगात एकच माणूस आहे. उद्या, काहीही झालं तरी.

२० फेब्रुवारी.
निघालो होतो. चप्पल तुटली.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
चप्पल शिवून आणली. आज शनिवार. या विषयावर बोलायला वार बरा नाही. (मी मानत नाही, ती मानते.)

२७ फेब्रुवारी.
तांड्याच्या फाट्यापर्यंत गेलो. लांबून ती दिसली. डाव्या हाताने चूल फुंकत होती. बोकड दारात होतं. म्हणजे अजून वेळ आहे. परत आलो.

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी.
आज ग्रहण. उगवतानाच चंद्र ग्रासलेला. कोठीसमोर रांग. धान्य, तेल, कापड! वर्षभराच्या दानाचं माझं स्वप्न आज रस्त्यावर उभं होतं. मी प्रत्येकासाठी कविता म्हणत होतो, मान वर करायला सवड नव्हती.
एका पदराखालून उडदाची पुडी आणि तेलाची बाटली पुढे आली. मी आनंदाने म्हटलं, वा, आज तांड्यावरूनही दान आलं!
"घ्या गुरुजी," गोजराबाई म्हणाली. "इकत आनले. बोकड देलं काल. वापस कोनाले करू ते तं तुमी सांगतलं नाई. मंग जिथून आलं तिथंच आनलं."
माझा हात पुढे झाला आणि तिथेच राहिला. आता सांगावं. रांग होती, बबनराव होते, अर्धं गाव होतं.
तिने पुडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "कविता म्हना ना. साऱ्याइले म्हनता, मले काहून नाई?"
म्हटली. दुसऱ्या ओळीत अडखळलो. 'चूल जिथे विझली.' ती ऐकत उभी राहिली. मग मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "सुटलो बाप्पा." असा हलका चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. गेली. मागे बघितलं नाही.
संकल्प: उद्या सकाळी बोकड शोधून, पडेल त्या किमतीला परत घेऊन तिच्या दारात बांधणे. मग सगळं सांगणे. या क्रमाने.

४ मार्च, बुधवार. दुपारी.
सकाळी निघणार तोच बबनरावांचा फोन. ग्रहणामुळे धुळवडीचं जेवण एक दिवस पुढे गेलं होतं, ते आज त्यांच्या मळ्यात. म्हटलं, बरंच झालं. बबनरावांना सगळ्या तालुक्यातली जनावरं ठाऊक, त्यांनाच विचारू. पण पंगत बसलीच होती, आणि उपाशी पोटी शोधाशोध होत नाही. रस्सा झणझणीत होता. दोनदा घेतला. हात धुताना विचारलं, गोजराबाईचं बोकड कोणी घेतलं हो?
बबनराव टूथपिक शोधत होते. "मीच घेतलं ना गुर्जी. बाई घाईत व्हती, भाव करून नाई राह्यली. काहून? तुमाले पायजे व्हतं का?" मग माझ्या पोटाकडे बोट करून हसले. "घ्या. भेटलं तुमाले."
बांधावर बसून राहिलो. सगळ्यांना वाटलं, तिखट लागलं.

४ मार्च. संध्याकाळी.
शेवटी गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. साधं गद्य: ते उडीद माझे होते.
गोजराबाई चुलीपुढे. मला बघून उठली. "या गुरुजी, या. संस्कृती, पानी आन." पाणी दिलं. खाली बसलो. ती आज बोलकी होती. म्हणाली, काल रातच्याला गाढ झोप लागली. हात बी कमी ठणकून राह्यला. आता कोनाचं काई नाई माह्यापाशी, म्हणाली. सेवादासचा फोन आला, त्यालेही सांगतलं, गुरुजीच्या कोठीनं सुटका झाली.
माझं वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "तोंड असं काहून उतरलं? जेवले नाई का तुमी?"
नाही, म्हणालो.
असं का म्हणालो, ठाऊक नाही. जेवलो म्हटलं असतं तर काय जेवलो, हे विचारलं असतं तिने.
डाव्या हाताने पीठ मळलं. भाकरी नीट गोल होत नव्हती, संस्कृतीने कडा सावरल्या. ठेच्याबरोबर वाढली. उज्ज्वलाचं पीठ परत करणारी बाई. डब्याच्या तळाला हात लागल्याचा आवाज मी ऐकला. एक भाकर खाल्ली. तिने "लाजू नोका" म्हटलं, दुसरी खाल्ली. ती माझ्याकडे बघत समाधानाने बसली होती.
तिसरी वाढायला लागली तेव्हा मात्र ताटावर हात आडवा धरला. लिहून ठेवतो, कारण आज एवढंच जमलं.