तापाची टिंबं

३ सप्टेंबर
आलं! मोबाइलला लावायचं भिंग, एवढंसं. बोटातला रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, रंग द्यायचा, भिंगाखाली धरायचा — मलेरियाचे जंतू असले तर पडद्यावर दिसतात. तासाभरात! आजवर काचा बसने खाली शहरात जायच्या, आणि उत्तर येईस्तोवर माणूस बरा तरी व्हायचा, नाहीतर — जाऊ दे. आज ते नाही लिहायचं.
गोळ्या वाटणारे काका म्हणाले, "सिस्टर, खेळणं आहे हे." म्हटलं, असू दे, खेळते.

४ सप्टेंबर
सरावासाठी काकांचंच रक्त घेतलं. सुई बघून एवढा दांडगा माणूस खुर्चीत मटकन बसला. दिवसभर हसू आवरेना.

९ सप्टेंबर
जाऊबाईंना सातवा महिना, त्यात दोन दिवस ताप. "दमणूक आहे गं नुसती." ऐकलं नाही, टोचलंच. पडद्यावर इवल्या इवल्या अंगठ्या — जंतू असेच दिसतात. तीनदा पाहिलं. डॉक्टरांना फोटो पाठवला, लगेच फोन : "बरोबर ओळखलंत. गोळ्या आत्ता सुरू करा."

१५ सप्टेंबर
जाऊबाई उठल्या. दूध उतू गेलं म्हणून माझ्यावर ओरडल्यासुद्धा. असं गोड ओरडणं जन्मात ऐकलं नव्हतं.

२२ सप्टेंबर
रोगी सापडला की मोबाइलच्या नकाशावर लाल टिंब उमटतं. काका निरखत होते. "सिस्टर, सगळी टिंबं दगडाच्या खाणीभोवतीच कशी?" (खेळणं म्हणणारे हेच!) दोघंही तडक गेलो. खड्ड्यांत पाणी, पाण्यात अळ्यांची नुसती वळवळ. मुकादमाला तिथेच धरलं. उद्यापासून उपसा.

२० ऑक्टोबर
अठरा दिवस एकही टिंब नाही. काका आणि मी दोन-दोन चहा प्यायलो. उगीचच.

२ नोव्हेंबर
मुख्य ऑफिसचं पत्र : "आपल्या केंद्रात यंत्राचा वापर नगण्य. परत करावे." अहो, रोग हटला म्हणून वापर हटला! आधी हसले, मग रडूच आलं.

६ नोव्हेंबर
यंत्र न्यायला ऑफिसातले साहेब आले. उतरले तेच कुडकुडत. बसवलं, थेंब घेतला — अंगठ्या. दोन महिन्यांत शहराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हणे. घरचा पत्ता भरला.
टिंब उमटलं. मुख्य ऑफिसच्या मागच्याच गल्लीत.