बिमार झाड आखरीले

प्रिय पौर्णिमा,

पत्र बघून तू आधी हसशील. रोज संध्याकाळी फोन होतो, तुझी आई तुला भाजीचेसुद्धा फोटो पाठवते, आणि बाबांना पत्राचं कुठून सुचलं! सुचलं नाही गं, दुसरा इलाज उरला नाही. काल तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू "बोला बाबा" म्हणालीस आणि तिन्ही वेळा मी जेवलीस का, ऊन फार आहे, रुमाल बांधून जात जा, एवढंच बोलून फोन ठेवला. सिंचन खात्यात चौतीस वर्षं कागद काळे केले, त्यामुळे कागदावर मी जरा धीट असतो. समोरासमोर मात्र तुझा बाप भित्रा आहे, हे आता तुला कळेलच. शेजारचा शुभम सकाळच्या गाडीनं अकोल्याला नोकरीवर जातो, त्याच्या हाती हे देतोय. पूर्ण वाचल्याशिवाय आईला फोन करू नकोस. तिला सगळं माहीत आहे, अगदी पहिल्या दिवसापासून.

आपल्या श्रमसाफल्य कॉलनीचा रस्ता आता बघवत नाही. सव्वीस गुलमोहरांपैकी चौदा गेले आणि पंधराव्याचे शेंडे परवापासून वाळायला लागलेत. एरवी या दिवसांत अमरावतीत कुणाला पत्ता सांगायचा तर लाल झाडांची गल्ली म्हटलं की पुरे व्हायचं. यंदा पलीकडच्या टोकाला थोडा फुलोरा आहे, बाकी नुसत्या काड्या. बेबीताई भाजीची गाडी सकाळी दहालाच भगवंतरावांच्या कंपाउंडच्या भिंतीला सरकवते आणि भिंतीची सावली सरकली की निघून जाते. फिरायला जाणारे लोक वर बघतात आणि म्हणतात, त्या डोमाजीनं वाट लावली. मी त्यांच्या बरोबरीनं चालत असतो. मीही वर बघतो. एकदा तर मी मान हलवली, पौर्णिमा. नुसतं ऐकून घेतलं असतं तरी चाललं असतं, पण नाही, मान हलवली.

डोमाजीला तू लहानपणापासून बघतेस, पण तो आपल्याकडे कसा आला हे तुला कधी सांगितलं नाही. परतवाड्याकडे तुझ्या आजोबांचा संत्र्याचा बगीचा होता, तिथे दरवर्षी सल काढायला एक टोळी यायची. सल म्हणजे वाळलेल्या फांद्या, हे तुला मी सांगायला नको, कृषी विद्यापीठात जाऊन तू त्यातलीच झालीस. त्या टोळीत डोमाजी सगळ्यात लहान. मी कॉलेजात, तोही माझ्याच वयाचा. मी बांधावर बसून बघायचो. एक झाड झालं की तो खिशातलं फडकं औषधात बुडवून करवत पुसायचा, कापाला मोरचूद आणि चुन्याचा मलम लावायचा आणि मगच पुढच्या झाडाला हात घालायचा. ज्या झाडाची साल फाटून डिंक येत असेल त्याला संध्याकाळपर्यंत शिवायचाही नाही. "बिमार झाड आखरीले," आजारी झाड सगळ्यात शेवटी, हे त्या टोळीतला प्रत्येक जण म्हणायचा. तुझे आजोबा या बाबतीत इतके कडक, की एकानं न पुसता करवत चालवली तर त्याला त्याच दिवशी परत पाठवलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

बगीचा विकला, मी अमरावतीला आलो, डोमाजीही आला. तीस वर्षं आपल्या आणि आजूबाजूच्या तीन कॉलन्यांतली झाडं त्यानंच छाटली. दिवसाला दोन झाडं, फार तर तीन. लोक कुरकुर करायचे, पण झाड कधी मेलं नाही. मग मागच्या वर्षी मी निवृत्त झालो, कॉलनीच्या वृक्ष समितीचा सचिव झालो, आणि तुझ्या बापाच्या डोक्यात हवा गेली. ती पेट्रोलवर चालणारी करवत मी मागवली तेव्हा तूच फोनवर म्हणाली होतीस, बाबा, जपून. मी जपलो ते फक्त मशीनला. पेटी उघडून चार दिवस पुसत बसलो होतो.

मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर. या उन्हात झाडांची डोकी उघडी करू नका, पाऊस पडून जाऊ द्या, असं डोमाजी म्हणाला. मी ऐकलं नाही. मला सगळ्या कॉलनीसमोर मशीन चालवून दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. भगवंतरावांच्या घरासमोरचा चार नंबरचा गुलमोहर आधीच आजारी होता. खोडाची साल भेगाळून सुटलेली, आत काळं. त्याची एक वाळकी फांदी त्यांच्या नव्या गाडीवर झुकली होती आणि भगवंतराव म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष. म्हणून मी सुरुवात तिथूनच केली. डोमाजी म्हणाला, "भाऊ, बिमार झाड आखरीले घ्या." मी म्हटलं घेऊ रे. ते कापलं आणि तसाच पाच नंबरला गेलो. त्यानं फडकं पुढं केलं. म्हणाला, "साखळी पुसल्याबिगर दुसऱ्या झाडाले लावाची नाई, भाऊ." तेव्हा आठ-दहा लोक जमले होते, पोरं मोबाईलवर फिल्म काढत होती, आणि मी, त्याच कडक गुलाबराव मोहोडांचा पोरगा, सगळ्यांना हसू येईल अशा आवाजात ओरडलो, "रस्त्याच्या झाडाले काय संत्री लागून राह्यली का रे?" लोक हसले. डोमाजीनं फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "मंग तुमीच कापा." आणि गेला. पुढची अठरा झाडं मी एकट्यानं दोन दिवसांत संपवली. ना पुसलं, ना मलम लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भगवंतरावांनी शाल दिली. ती शाल कपाटात आहे, मी कधी अंगावर घेतली नाही.

संक्रांतीला तू आलीस तोवर अर्धी झाडं वरून खाली वाळत आली होती. तू गेटपाशी उभी राहून नखानं साल उचललीस आणि तुझी बोटं तव्याच्या बुडाला लागल्यासारखी काळी झाली. मला वाटलं धूळ आहे. तू म्हणालीस, ही बुरशी आहे बाबा, उन्हानं भाजलेल्या सालीतून आणि उघड्या कापातून आत शिरते, आणि अवजारावर बसून एका झाडाहून दुसऱ्या झाडाला जाते. आणि मग विचारलंस, छाटणी कोणी केली होती? किती साधा प्रश्न. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ना, शिकलेली गोष्ट खरी निघाल्याचा आनंद, तो बघून मला तुझं कौतुकही वाटत होतं आणि घामही फुटला होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, डोमाजीनं. दुसरा कोण करतो?

आई दारात तिळाची वडी घेऊन उभी होती. मे महिन्यात दोन्ही दिवस मला मशीनजवळ पाणी नेऊन देणारी तीच. तिनं ताटली ठेवली आणि आत गेली. तू अंघोळीला गेल्यावर एवढंच म्हणाली, "दुनियेले सांगा काय सांगाचं ते. पोरीले तरी खोटं नोका सांगू." मी तिच्यावरच खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तुला वाटत असेल, कॉलनीतल्या लोकांनी तर मला मशीन चालवताना पाहिलं होतं, मग कुणी बोललं कसं नाही? मीही याची वाट बघत होतो, खरं सांगतो. कुणीतरी म्हणेल, अहो श्यामराव, कापली तर तुम्हीच. पण कुणी म्हटलं नाही. तू लिहिलेला अहवाल ग्रुपवर आला, त्यात अप्रशिक्षित कामगारानं अवजार न पुसता छाटणी केल्यानं, असं वाक्य होतं, आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही पटलं. माझं नाव असतं तर लोकांनी दहा शंका काढल्या असत्या. डोमाजीचं नाव आलं की कुणाला शंका येत नाही. का येत नाही, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मला ते सोयीचं होतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि तो दिवस. तू अकोल्याला परत निघालीस त्या सकाळी डोमाजी गेटवर आला होता, मेलेली झाडं पाडायचं काम मिळेल का विचारायला. तू त्याचा झाडाखाली फोटो घेतलास आणि मग बोललीस. रागावून नाही, समजावूनच, पण बोललीस, काका, एक फडकं फिरवायला असा किती वेळ लागतो? मी स्कूटरला किक मारत उभा होतो. डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. नीट रोखून पाहिलं. मला वाटलं, आता बोलतो. मी किक मारायचा थांबलो. तो तुझ्याकडे वळला आणि म्हणाला, "हो बाई, पुसाले पायजे होतं. चुकलं." मी तुला बस स्टँडवर सोडलं आणि घरी येताना रडलो, असं लिहायला हवं खरं तर. पण रडलो नाही. सुटलो बुवा, असं वाटलं. ते तसं वाटलं, म्हणून ते तसंच लिहितो.

त्यानंतर चारही कॉलन्यांनी त्याचं काम बंद केलं. तो आता नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात गठ्ठे उचलतो, या वयात. सकाळी कामाच्या गाडीची वाट बघत चौकात उभा असतो. मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो तर एकदा तिथेही भेटला. नेहमीसारखा हात वर करून म्हणाला, "जय भीम, श्यामभाऊ." मी काहीतरी पुटपुटलो.

शनिवारी तू तुझ्या पुस्तिकेची पानं पाठवलीस. चार जिल्ह्यांतल्या माळ्यांना वाटणार, शुक्रवारी छापायला जाणार, आणि वर लेखिका म्हणून तुझं नाव, पौर्णिमा श्याम मोहोड. आईला आनंदानं दाखवायला गेलो आणि सातव्या पानावर डोमाजीचा फोटो, खाली ओळ, चुकीच्या छाटणीनं रोग पसरवणारा कामगार. आईनं पान पाहिलं, मोबाईल मला परत दिला आणि म्हणाली, जा. रविवारी मी डोमाजीकडे गेलो. दार त्याच्या मुलीनं, संध्यानं उघडलं, तुझ्याच वयाची आहे. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं कबूल केलं, हात जोडले. डोमाजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे मले सांगून काय फायदा, भाऊ? मले तं मालूमच होतं. पोरीले सांगा." म्हणून हे लिहिलं. सातव्या पानावरचा फोटो काढ, पोरी. तिथे माझं नाव टाक, पूर्ण टाक. तुझ्या सरांना काय सांगायचं ते तू ठरव. आज संध्याकाळी मी ग्रुपवरही लिहिणार आहे, पण आधी तुला. आडनाव एकच असल्यामुळे वाचणाऱ्याला कळेल की हा लिहिणारीचा बाप आहे, आणि माझी लाज तुझ्या पहिल्या पुस्तिकेवर येईल. ती मला तुझ्यावरून काढता येत नाही. डोमाजीवरून तू काढू शकतेस, आणि शुक्रवारच्या आत.

तुझाच, तुला चालेल तोवर,
बाबा