सरांच्या प्रबंधातलं शेवटचं प्रकरण

आदरणीय सर,

इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करायला पन्नाशीत तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही मला ओळखलं नाहीत. टायपिंगवाल्याचं तोंड कोण लक्षात ठेवतो? पंचवीस वर्षांपूर्वी तुमचा प्रबंध माझ्याच दुकानात टाइप झाला. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि शेवटचं प्रकरण तुम्हाला काही केल्या जुळेना. "तूच बघ रे बाबा, तुझा कान चांगला आहे," म्हणालात आणि बाकावर चहावर चहा पीत बसलात. मी वाक्यन् वाक्य नव्याने लिहिलं.

परवा माझं प्रकरण तुम्ही टेबलावर आपटलंत. "अहो, हे दुकानदाराचं इंग्रजी झालं! इंग्रजी कसं असतं ते ऐका," म्हणत स्वतःचा प्रबंध काढलात आणि नेमकं तेच शेवटचं प्रकरण मला वाचून दाखवलंत. मी मान डोलावत ऐकलं. करतो काय? तुमच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही.

घरी जाऊन मी तुमच्या बाकीच्या प्रकरणांत टाइप केली होती तशी साधी-सरळ वाक्यं लांबवली, अवघड शब्द कोंबले, म्हणणं दिसेनासं केलं. आज तुम्ही दोन पानं चाळलीत आणि खूश झालात. "आता कसं! थेट माझ्या वळणावर गेलात." लगेच सही ठोकलीत.

तोंडी परीक्षेला तुम्हीच समोर असणार, म्हणून हे पत्र टाकत नाही. प्रबंधाच्या सुरुवातीला 'हे लेखन माझं स्वतःचं आहे' या ओळीखाली मलाही सही करायची आहे. सकाळपासून पेन उघडून बसलोय, हात चालत नाही.

तुमच्याच वळणावर गेलेला,
तुमचा विद्यार्थी