झाडाचं नाक

प्रिय दादा,

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, त्यावरून काय समजायचं ते मी समजलो. तरी लिहितोय. आधी घरचं सांगतो. आईचे गुडघे तसेच आहेत. जिना चढताना ती पायरीगणिक तुला हाक मारते, मी मागे हात धरून उभा असलो तरी. वहिनीने लावलेली कुंडी खिडकीत आहे आणि छकुलीने भिंतीवर काढलेला हत्ती मी रंग देताना वगळला. त्याच्याभोवती ब्रश फिरवायला मला अर्धा दिवस लागला. आई म्हणाली, तुझ्या हातून एक काम लवकर होईल तर शपथ.

आता झाडाचं. या महिन्याच्या एकवीस तारखेला आपलं झाड कापणार आहेत. विहाराच्या समितीत ठरलं, थोरल्या भन्तेंनीही मान हलवली. खोडाला आधार देणारे तिन्ही लोखंडी खांब वाकलेत आणि यात्रेकरूंच्या अंगावर फांदी पडली तर काय, हा प्रश्न आहे. पाडल्यावर फाटकाशी पाटी लागेल. पाटीचा मजकूर सचिवांनी माझ्याकडे तपासायला दिला, कारण ऑफिसात ऱ्हस्व-दीर्घ माझ्याइतकं कुणी बघत नाही. त्यात लिहिलंय की त्या वेळच्या देखभाल कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हा प्राचीन बोधिवृक्ष गेला. खाली तुझं नाव आहे, आडनावासकट. मजकुरात एकही चूक नव्हती. कागद चार दिवसांपासून माझ्या खिशात आहे.

झाड आता तू ओळखणार नाहीस. दक्षिणेकडची बाजू पूर्ण उघडी झालीय. सकाळी टोपली घेऊन पानं वेचायला जातो तर पिवळी पडून गळलेली पानं मिळतात ती तळहाताएवढीसुद्धा नसतात. लोक मात्र येतातच. पांढऱ्या कपड्यांतले, अनवाणी, कठड्याशी बसून एक पान आपणहून पडायची वाट बघणारे. पूर्वी कुणी दोन-दोन दिवस बसायचं. आता दहा मिनिटांत पान पडतं आणि त्यांना वाटतं आपलं भाग्य. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या ओंजळीत एकदम तीन पडली. त्या रडल्या आणि मला नमस्कार करायला वाकल्या. मी मागे सरलो.

तुला झाडाचं नाक आठवत असेलच. खोडाच्या बुंध्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर मुठीएवढं भोक होतं. वरच्या मोडक्या फांदीच्या ढोलीत पावसाचं पाणी शिरायचं आणि आतून झिरपत तिथून बाहेर यायचं, काळं, कुजकट वासाचं. बाबा त्यात बांबूची नळी घालून ठेवायचे आणि दर महिन्याला तारेने साफ करायचे. कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, झाडाचं नाक आहे ते, वाहू दे, तुमचं नाही का वाहत? तू त्यांचंच ऐकून पुढे तसंच चालू ठेवलंस. मला मात्र ते बघवायचं नाही. एवढ्या लांबून माणसं येतात, डोकं टेकतात, आणि शेजारी ही घाण. एक शाळकरी मुलगा वर्गासमोर मोठ्याने म्हणाला होता, देवाच्या झाडाला सर्दी झालीय. सगळे हसले. मी तिथेच झाडू घेऊन उभा होतो.

चार वर्षांपूर्वी वहिनीच्या बाळंतपणाला तू दहा दिवस गेलास. उन्हाळा होता, भोक कोरडं होतं. मी नळी काढली, आतला भुसा खरवडला, चिंध्या आणि विटांचे तुकडे ठासले, वर सिमेंट भरलं आणि त्यावर पडलेल्या सालीचे तुकडे एकेक करून चिकटवले. आठ दिवस लागले, फाटक बंद झाल्यावर रोज दीड तास. इतकं नीट काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही, दादा. तू आल्यावर दाखवून तुला खूश करणार होतो.

तू आलास, खाली बसलास, हात फिरवलास आणि म्हणालास, "अरे, हे आपोआप भरून आलं?" तुझे डोळे भरले होते. छकुली आठ दिवसांची होती, तुला तेव्हा सगळंच चांगलं दिसत होतं. मी हो म्हणालो. फक्त हो. संध्याकाळी खरं सांगू असं ठरवलं होतं. पण तोवर तू थोरल्या भन्तेंना हाताला धरून घेऊन आलास, त्यांनी त्या जागेला कपाळ लावलं, आणि महिनाभरात झाडाने स्वतःची जखम भरली म्हणून लोक रांग लावून बघायला येऊ लागले. समितीने तिथे कठड्याला छोटं दार केलं. रोज शेकडो हात माझ्या सिमेंटवरून फिरत होते. त्यानंतर मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

पुढचं तुला माहीत आहे, पण कारण माहीत नव्हतं. पावसाळ्यात पाणी आत शिरत राहिलं आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती. पानं बारीक झाली, तुला वाटलं झाड तहानलंय. तू भर उन्हात बादल्या वाहिल्यास. समितीने ठरवलं की जादा पाण्याने मुळं कुजली. तुला बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. आतून तुझा आवाज एकदाच आला, माझंच काहीतरी चुकलं असेल. तू वहिनी-छकुलीला घेऊन गाव सोडलंस, गोदामात खोकी उचलायला गेलास आणि तुझी जागा मला मिळाली. मी ती घेतली.

पंधरा दिवसांपूर्वी झाडांच्या डॉक्टर आल्या. लाकडी हातोडीने खोडावर ठोकत ठोकत खाली आल्या, आणि नाकाच्या जागी थांबल्या. त्याच्या थोडं वर छिद्र पाडलं तर काळं पाणी त्यांच्या बुटांवर आलं. किती वेळ येतच राहिलं. त्यांनी नखाने एक साल उचकटली, मग दुसरी. म्हणाल्या, "कुणीतरी फार मन लावून मारलंय याला." बारा फांद्या त्यांनी कुंड्यांत लावून बघितल्या, दहा वाळल्या, उरलेल्या दोन्हींचा त्यांना भरवसा नाही.

समितीने लगेच धरलं की हेही तूच केलंस. मी अध्यक्षांकडे गेलो. सगळं सांगितलं, तारखांसह. त्यांनी मला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ असावा तर असा. पण तू इतका काटेकोर माणूस, तुझ्या हातून हे व्हायचं नाही." मी परत सांगितलं. ते हसले. भन्तेंकडे गेलो, ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि भावासाठी खोटं बोलणंसुद्धा खोटंच असतं, एवढं म्हणाले. आईला सांगितलं तर ती भांडी घासत राहिली. तिने ऐकलं की नाही मला कळलं नाही, परत सांगायची हिंमत झाली नाही.

पत्र लिहायचं कारण हे आहे. सिमेंटच्या मागे, विटांच्या आत, सगळ्यात पहिल्यांदा मी माझं शाळेचं दप्तर फाडून कोंबलं होतं. शाळा कायमची सुटली होती, त्याचा उपयोग नव्हता. त्याच्या पट्टीवर आईने लाल दोऱ्याने माझं नाव भरलेलं आहे, ते अजून असेल. पण तिथवर पोचायचं तर खोड पूर्ण कापावं लागेल, त्याआधी कुणी हात लावू देणार नाही. तू एकवीस तारखेला सकाळी नऊच्या आत ये. कापणाऱ्यांना मी बुंध्याचा तो तुकडा तुझ्यासमोर आणि अध्यक्षांसमोर फोडायला लावेन. पाटीचा कागद तोवर मी परत देणार नाही. माझ्याशी बोलू नकोस, चालेल, नुसता उभा राहा. बाबांनी जन्म घालवला त्या झाडाजवळ मी रोज सकाळी जातो, पानं वेचतो, आणि ते लवकर पाडलं जावं म्हणून दिवस मोजतो. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तू ये किंवा नको येऊस, तरी तुझाच,
धाकटा