कार्ड फुल

३ फेब्रु., सोम.
अन् वरून मलाच विचारतो, ‘चारशे गाणे भरून दिले की, आता अजून काय पायजे तुला?’ दादाला काय बोलावं. चारशे न्हाई पायजे होते. एक पायजे होतं, अकरा मिनटाचं.
बाच्या साध्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड होतं ते. बा गेला तेव्हापासून मोबाईलसंगं कपाटात पडलेलं. इथं मोरबीला रूमवर स्पीकर घेतला म्हणून दादाला म्हणलं, कार्ड फुल करून पाठव. दादा वसमतला गेला. दुकानवाला विचारतोच, जुनं ठेवायचं का उडवायचं. दादा म्हनला उडव.
त्या जुन्यात बा होता. हट्ट्याच्या जयंतीत गायन पार्टीसंगं गायलेला. दुसरीकडं कुठंच न्हाई.
चार दिवस झाले, दादाचा फोन उचलून न्हाई राहिलो. माय म्हणते, भाऊ भाऊ असून असं.
ड्यु. १२ तास. टाईलचे खोके.

९ फेब्रु., रवि. सुट्टी
रूमवर आमी तिघं. लखन बिहारचा, बिजय ओडिशाचा अन् मी. रविवारचा नियम बिजयनं काढला. एकानं एक गाणं लावायचं, संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं न्हाई. नंतर काय बी बोला.
लखननं बिरहा लावला. बावीस मिनिटं. एकच मानूस, एकच चाल, मधी मधी गोष्ट सांगतो. बिजय झोपला. उठून म्हणतो, ‘ख़तम हुआ कि अभी शादी बाकी है?’ बिजयचं जात्रेतलं, म्हणजे त्यांच्याकडच्या नाटकातलं गाणं. बाई रडत गाते, मागं इतका मोठा बाजा की रडणं ऐकूच येत न्हाई. पण चांगलं होतं. का चांगलं ते सांगता येईना.
मी कार्डातलं डीजे लावलं. लखन म्हणे, ‘ये तो हर जगह बजता है। तेरे गाँव का क्या है?’
मग बाचं सांगितलं. गायन पार्टी, बा अन् रज्जाकचाचा बेंजोवर. गाणं चालू असताना लोक येऊन पैसे देतात. मग बा गाणं तिथंच थांबवायचा अन् नाव घ्यायचा. ‘शिरडचे अमुक अमुक, यांच्याकडून एक्कावन रुपये, पार्टी आभारी आहे.’ अन् जिथं तोडलं तिथूनच परत उचलायचा. कुणी नुसते पन्नास दिले तर माईकवरून, ‘दादा, एक राहिला तुमचा.’ सगळा मांडव हसायचा. गोल आकडा बाला चालायचा न्हाई. म्हणायचा, शून्यावर गोष्ट संपते.
दोघं लई हसले. गाना रोक के? व्हय, रोक के. बिजय म्हणे, गाणं म्हणून दाखव. गाणं येईना. नावं आली. सात नावं, आकड्यासकट, बराबर.
आठवं न्हाई सांगितलं. आठवं माझं होतं.

१० फेब्रु., सोम.
लिहून ठेवतो. आठवं असं होतं: ‘मोरबीहून आमचं धाकटं पोरगं, याच्याकडून एकशे एक.’ मी तेव्हा एक रुपया पाठवला नव्हता. चार महिने घरी काहीच न्हाई. बानं स्वतःच्या खिशातले काढून पेटीवर ठेवले अन् माझं नाव घेतलं. दादा समोर बसला होता, त्यानंच सांगितलं नंतर.
मागच्या साली घरी गेलो तेव्हा बानं ते गाणं लावलं होतं. माझं नाव यायच्या आधी मी उठून बाहेर गेलो. लाज वाटली. वाटलं, कवा बी ऐकता येतं.

१२ फेब्रु., बुध.
दादाचं व्हॉट्सॅप आलं. लिहिलेलं काहीच न्हाई. माझाच आवाज परत मलाच पाठवला. नऊ सेकंद. डिसेंबरातला.
‘दादा, कार्ड फुल करून पाठव, अन् जुनं काय बी ठेवू नको, जागा होत न्हाई.’
जेवणाच्या सुट्टीत ऐकलं, खोक्यांवर बसून. लखन शेजारी होता. ‘कौन है ये?’ म्हणलं, मैं. परत लावलं. मागं भट्टीचा आवाज येतो. मी घाईत बोलतो, म्हणजे ड्युटीवरूनच बोललो असंल. आठवत न्हाई बोलल्याचं. पण आवाज माझा आहे.
डबा खाल्ला. पुरा खाल्ला.

१६ फेब्रु., रवि.
माझ्या पाळीला काही लावलं न्हाई. बिजय म्हणे, नियम म्हणजे नियम. मग ते नऊ सेकंद लावले. त्यांना मराठी कळत न्हाई. संपेपर्यंत दोघं गप बसले, नियमाप्रमाणं. लखन म्हणे, ‘छोटा है। पर गाने वाला कहाँ है?’
बिजय हसला. मी बी हसलो बहुतेक.
दादाला फोन लावायचा होता. मायला लावला. ‘जेवला का?’ ‘जेवलो.’ ‘दादाला देऊ?’ म्हणलं, नको, रेंज न्हाई. रेंज होती.

२० फेब्रु., गुरु.
रज्जाकचाचाला फोन केला, हट्ट्याला. नंबर मायकडून. चाचाला आता कमी ऐकू येतं, सगळं दोनदा सांगावं लागलं.
‘कार्डाचं मला न्हाई ठाव, बेटा. पर कॅसेट हाय एक. तुझ्या बाची, जुनी. तू जन्मला बी न्हाईस तवाची.’
म्हणलं, लावून ऐकवा ना फोनवर.
‘टेप बंद हाय. फीत चिकटली. अन् एक सांगू? रागावू नको. गाणं अर्धंच हाय. पुढं मी कव्वाली भरली.’
‘काहून चाचा?’
‘कोरी कॅसेट कुठं मिळायची तवा. तुझा बाच म्हनला, भर रे, माझा आवाज तर रोज हायच तुझ्यापशी.’
मग चाचा म्हणे, पैसे कटत असतील तुझे, ठेव.
ठेवायच्या आधी चाचानंच सांगितलं, नांदेडला एक जण आहे, कॅसेटचं मोबाईलमधी करून देतो. पाचशे घेतो, आधी. फीत तुटली तर जबाबदारी न्हाई. चाचा म्हणे, कपाटात राहिली तर तशीच राहील, काढली तर एक तर ऐकू येईल, न्हाई तर जाईल. तू सांग. अन् कॅसेट मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार न्हाई, तुझ्या भावानं यावं.

२३ फेब्रु., रवि.
लखनचा बिरहा परत, तोच. या वेळी पुरा ऐकला. गाणारा एका जागी खोकतो, अन् लखन त्याच्या आधी एक क्षण खोकतो. त्याला पाठ आहे. त्याला सांगितलं तर म्हणे, मैं? कब?
कॅसेटमधी माझं नाव नसणार. असूच शकत न्हाई. तरी काढायची का?
ठरेना.

२७ फेब्रु., गुरु.
दादाला फोन लावला. सत्तावीस दिवसांनी.
‘हां.’
‘हां.’
‘काय म्हणतो?’
कॅसेटचं सांगितलं. कार्डाचं तो बोलला न्हाई, मी बी न्हाई. नऊ सेकंदाचं बी न्हाई. मागं म्हैस ओरडत होती.
दादा म्हणे, ‘जाईन रविवारी हट्ट्याला, तिथून नांदेड. पर आधीच सांगतो, तुटली तर मला बोलायचं न्हाई.’
‘न्हाई बोलत.’
‘बघ.’
‘न्हाई म्हणलं ना.’
मग म्हणे, ‘तो मानूस विचारंल, कव्वाली बी घ्यायची का नुसतं बाचं. काय सांगू?’
म्हणलं, ‘सगळं घे. खोकला-बिकला, कव्वाली, खरखर, सगळं. काय बी उडवू नको.’
‘बराबर?’
‘बराबर.’
‘पुन्हा म्हणशील मी म्हनलो न्हाई. आवाजात पाठव.’
पाठवलं. चार सेकंद.

१ मार्च, शनि.
ड्यु. झाली. हाताला खोक्याची पट्टी लागली, जास्त न्हाई. बिजय म्हणे, उद्या तुझी पाळी, काय लावणार? म्हणलं, माहीत न्हाई.
दादा उद्या सकाळच्या गाडीनं निघणार. आता पैसे टाकले. पाचशे त्या नांदेडवाल्याचे. दादाचा लगेच मेसेज, ‘वरचे कशाचे?’ उत्तर लिहिलं, पुसलं.
पार्टीचे, असं पाठवलं शेवटी. दादानं वाचलं.
रु. ६०१.