कासवाचे रिकामे फुगे

१ मार्च, सकाळी ७
बिनपगारी रजेचा शेवटचा महिना. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, एकतीसपर्यंत ठरव, नाहीतर तुझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. बसू दे बापडा. राजीनामा लिहून तयार आहे.
माझ्या वेबकॉमिकला अकरा हजार फॉलोअर. ऑफिसात नोकरी करणारं कासव, आठवड्यातून दोनदा. चित्रं ठीकच, लोक येतात ते माझ्या संवादांसाठी. असं कोणी बोलून दाखवत नाही, पण जाणवतं.
संकल्प: रोज सहाला उठणे. उद्यापासून.

४ मार्च
उठायला साडेनऊ. तरी महिन्याभराची चित्रं काढून झाली. ठरल्या दिवशी आपोआप पोस्ट होतील असं लावून दिलं. संवादाचे फुगे कोरे ठेवलेत, ते आदल्या दिवशी भरायचे. विनोद मुरावा लागतो. बायको म्हणाली, विसरशील. मी म्हटलं, आजवर काय विसरलोय? ती सांगायला लागली, म्हणून कामाला बसलो.

७ मार्च
विसरलो. कासव साहेबांपुढे उभं, तोंडातून भला मोठा फुगा, आत काही नाही. बायकोनं चहा दिला. कप जरा जोरात ठेवला, एवढंच. पोस्ट काढायला गेलो तर खाली चारशे कॉमेंट. लोकांनी फुगा आपापल्या परीनं भरलाय. काही बरे आहेत. नवशिक्यांच्या मानानं.

८ मार्च
नऊशे. हा प्रयोग मी मुद्दाम केला होता असं जाहीर केलं.

११ मार्च
आज दोन दिवस घासूनपुसून लिहिलेला संवाद टाकला. सोळा लाइक. एकानं विचारलं, फुगा भरलेला कसा, काही बिघाड झालाय का. बायकोला दाखवलं. म्हणाली, चित्र छान आहे. विनोद कसा वाटला विचारलं. म्हणाली, चित्र खरंच छान आहे.

१५ मार्च
लोकाग्रहास्तव पुन्हा कोरा फुगा. फॉलोअर चौदा हजार. आता मी एक शब्दही न लिहिता हसवतो. ही वरची पायरी झाली.

१९ मार्च
बायको जेवताना लोकांचे फुगे वाचून दाखवते आणि ठसका लागेपर्यंत हसते. लग्नाला नऊ वर्षं झाली, हे हसू मी ऐकलं नव्हतं. पोटात दुखलं असं म्हणणार नाही. दुसरी पोळी मात्र घेतली नाही.

२२ मार्च
ठरलं. खोट्या नावानं खातं उघडायचं आणि आपणच फुगा भरायचा. ठेवणीतली ओळ काढली. लाइकमध्ये पहिला नंबर आला की खरं नाव सांगायचं आणि त्याच दिवशी राजीनामा साहेबांच्या टेबलावर.

२३ मार्च
सकाळी शून्य लाइक. लोक झोपेत असतील. दुपारी शून्य. कामात असतील. संध्याकाळी एक. माझाच, चुकून दाबला गेला.

२४ मार्च
माझ्या ओळीला उत्तर आलं. "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण विनोद सगळ्यांना जमतोच असं नाही. रोज इथले चार फुगे वाचत जा, सुधाराल." उत्तराला आठशे लाइक. लिहिणाऱ्याचं नाव अनोळखी. फोटोत मात्र आमच्याच स्वयंपाकघराची खिडकी.
जेवताना तिनं आपणहून सांगितलं की आज एका बिचाऱ्याला तिनं धीर दिला. कुणीच विचारत नव्हतं म्हणे त्याला. सांगताना तिचा चेहरा खरंच उतरला होता. मी म्हटलं, चांगलं केलंस.

३० मार्च
साहेबांना फोन केला, येतो म्हणून. राजीनामा फाडला. कारण तब्येत. कॉमिकवर निवेदन टाकलं: नोकरीमुळे यापुढे संवाद लिहायला मला वेळ मिळणार नाही, फुगे कायमचे कोरे येतील, वाचकांनी समजून घ्यावं.

३१ मार्च
निवेदनाला सहा हजार लाइक. आजवरची सर्वांत लोकप्रिय पोस्ट. आणि तिच्यातला शब्दन् शब्द माझा आहे.