बागेचं पान

१२ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, डोळे तर गेल्यातच जमा आहेत. तुझी पत्रं आता मीच वाचते.

आपल्या संग्रहालयातली ती फारसी पोथी परवा प्रदर्शनात मांडली. काचेखाली शिकारीचं चित्र उघडून ठेवलंय. बागेचं पान मिटलेलं, कोणाला दिसत नाही. त्या बागेत राजपुत्र अजून बसलाय बिचारा, पण त्याच्या पायाखालची हिरवळ गळून पडली. चारशे वर्षं टिकलेला कागद! मोठे साहेब अजून हळहळतात, "एवढी हुशार मुलगी, आणि तांब्याच्या हिरव्या रंगावर ओली खळ लावली?" मी आपली मान हलवते.

नव्या संग्रहालयाला माझी शिफारस हवी, नाहीतर ही नोकरीही हातची जाईल, असं लिहितेस. अगं, मी कशाला आढेवेढे घेऊ? कालच कळवलं त्यांना: हात चांगला, पण भरवसा नाही.

रागावलीस? रागाव. या कामात तुला बोट धरून मी आणलं. ओल लागली की तो हिरवा रंग कागद खातो, हेही मीच शिकवलं. आणि पोथी आली तेव्हा साहेबांनी ती कोणाला दिली? तुला. मी बसले फाटके नकाशे चिकटवत.

त्या दुपारी तू आईला दवाखान्यात नेलंस. पान तुझ्या टेबलावर होतं, हिरवळीपाशी सुटलेलं. म्हटलं, एवढं आपण करून टाकू. घाईत हात चुकला, असं लिहिणार होते तुला. कसली घाई नि कसलं काय! खळ नीट पातळ केली, लावली, ब्रश धुऊन जागेवर ठेवला. वर्षभरात भोक पडलं. नोंदवहीत त्या पानापुढे सही तुझी.

हे पत्र खुशाल दाखव साहेबांना. आपलेच दात नि आपलेच ओठ. माझी नोकरी गेली तर आईला कुठे नेशील? चार जिने चढवून त्या तुझ्या एका खोलीत?

ती रोज विचारते, "धाकटीचं पत्र आलं का गं?" मी सांगते, नाही आलं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

आईला लिहिलेला तुझा नमस्कार माझ्यापाशीच आहे.

तुझी एकुलती एक,
ताई